चार वाक्यें, पण स्वतःचीं

लहान मुलांस अक्षरें शिकविणें फार कठीण, असें पुष्कळांस वाटतें. परंतु ज्यांनीं तें काम वर्षानुवर्षें केलें आहे त्यांस विचारलें, तर ते सांगतील कीं, अक्षरें शिकविणें त्या मानानें सोपें. वाक्य लिहावयास शिकविणें हेंच खरें कठीण. अक्षर दाखवितां येतें, गिरवून घेतां येतें, चुकलें तर पुसून पुन्हां काढतां येतें. वाक्याचें तसें नाहीं. वाक्य अगोदर मनांत असावें लागतें. जें मनांतच नाहीं तें पाटीवर कोठून येणार? म्हणूनच बाराखडी आणि जोडाक्षरें उत्तम येणारा दुसरींतला मुलगा, 'आतां चार वाक्यें लिही' असें सांगितलें कीं, पेन्सिल तोंडांत धरून छपराकडे पाहत बसतो. त्यास लिहितां येत नाहीं असें नव्हे. सांगावेंसें वाटेल असें कांहीं आपण त्याच्यापुढें ठेवलेलें नसतें.

ह्या अडचणीवर खालच्या वर्गांतून आम्ही जो उपाय योजतों, त्याची माहिती पालकांस व वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस करून द्यावी, ह्या हेतूनें हा लेख लिहीत आहों. उपाय अगदीं साधा आहे. मुलानें आपली एखादी जपून ठेवलेली वस्तु निवडावी व तिच्याविषयीं चार वाक्यें लिहावीं. ह्यास खर्च नाहीं, पुस्तक लागत नाहीं, आणि सर्व मिळून एका आठवड्याचें काम आहे. मात्र त्यामागील तत्त्व ध्यानांत न घेतां तो केला, तर तोहि पाठांतराचाच आणखी एक प्रकार होऊन बसतो. म्हणून तत्त्व आधीं व रीत नंतर, असा क्रम घेतला आहे.

मुलांकडून निबंध लिहविण्याची चाल नवी नाहीं. 'गाय', 'घोडा', 'पावसाळा' हे विषय आपल्या आजोबांच्या वेळेपासून चालत आले आहेत, आणि त्यांत काय लिहावयाचें हेंहि ठरून गेलें आहे. गाय हा पाळीव प्राणी आहे. तिला चार पाय, दोन शिंगें व एक शेपूट असतें. ती आपणांस दूध देते. ह्या वाक्यांत असत्य कांहीं नाहीं आणि व्याकरणहि निर्दोष आहे. परंतु हीं वाक्यें कोणाचीं? ज्याच्या दारांत गाय बांधलेली आहे, जो पहांटे उठून तिला वैरण घालतो, ती कोणास मारते व कोणास चाटते हें ज्यास पक्कें ठाऊक आहे, तो मुलगाहि हींच वाक्यें लिहितो. आणि ज्यानें गाय केवळ रस्त्यानें जातांना पाहिली तोहि हींच लिहितो. आपणांस जें ठाऊक आहे तें लिहावयाचें नसतें, असा धडा पहिला मुलगा आपोआप शिकतो. लेखनाच्या शिक्षणांत याहून वाईट धडा दुसरा नसेल. शाळेंतील लिहिणें म्हणजे दुसऱ्यानें ठरविलेलें पुन्हां उतरविणें, आणि आपण जें पाहिलें, सोसलें, जपलें तें लिहिण्याच्या योग्यतेचें नव्हे, ही समजूत एकदां रुजली म्हणजे ती शालान्त परीक्षेपर्यंतच काय, पदवी घेतल्यावरहि जात नाहीं.

प्रत्यक्ष वस्तु समोर ठेवून शिकवावें, हा विचार युरोपांत पुढें आला त्याचें पुष्कळसें श्रेय स्वित्झर्लंडमधील शिक्षक पेस्तालोत्सी (१७४६–१८२७) यांस आहे. मुलास शब्द देण्यापूर्वीं अनुभव द्यावा, असें त्यांचें सांगणें होतें. त्यांच्या विचारांस अनुसरून एलिझाबेथ मेयो ह्या शिक्षिकेनें सन १८३० च्या सुमारास 'वस्तुपाठां'चें एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांतील पहिला पाठ कांचेवर आहे. कांच मुलांच्या हातांत द्यावयाची आणि ती गुळगुळीत, कठीण, पारदर्शक व ठिसूळ आहे हें त्यांच्याकडून वदवून घ्यावयाचें. कल्पना उत्तम होती. परंतु अशा पाठांचा प्रसार झाला तसें पुष्कळ शाळांतून वस्तु बाजूस राहिली आणि गुणांची यादी तेवढी घोकली जाऊं लागली.

त्याच काळांतील एक प्रसंग आमच्या वरच्या वर्गांतील इंग्रजी वाचणाऱ्या विद्यार्थ्यांस परिचित असेल. चार्ल्स डिकन्स यांच्या सन १८५४ मधील 'हार्ड टाइम्स' ह्या कादंबरींत एका मुलीस वर्गांत घोड्याची व्याख्या विचारली जाते. तिचा बाप सर्कशींत घोड्यांचीं कामें करणारा. ती मुलगी घोड्यांतच वाढलेली. तिला व्याख्या सांगतां येत नाहीं. दुसरा एक मुलगा उठतो आणि दांतांच्या संख्येसकट ती घडाघडा म्हणून दाखवितो. शिक्षणाधिकारी संतुष्ट होतात आणि त्या मुलीस आतां घोडा म्हणजे काय तें समजलें, असें ठरतें. डिकन्स यांनीं ज्यावर बोट ठेवलें तो दोष इंग्लंडांतच राहिला असें कोणीं समजूं नये. आमच्या गायीच्या निबंधांत तोच दोष शेपूट हलवीत उभा आहे.

मग जपलेल्या वस्तूंत असें काय आहे, कीं जें गायीच्या निबंधांत नाहीं? फरक एवढाच कीं, तिच्याविषयीं वर्गांत सर्वांत अधिक जाणणारा मनुष्य तो मुलगा स्वतः असतो. इतर सर्व विषयांत शिक्षकास ठाऊक असतें व मुलास ठाऊक नसतें. शिक्षक जें विचारतो तें परीक्षा घेण्यासाठीं, हें मूलहि ओळखून असतें. पण 'ही शिंपली तुला कोठें सांपडली?' असें शिक्षकानें विचारलें, तर त्याचें उत्तर शिक्षकास खरोखरच ठाऊक नसतें. सांगणाऱ्याजवळ कांहीं आहे आणि ऐकणाऱ्याजवळ तें नाहीं, ह्याच ठिकाणीं भाषेची गरज उत्पन्न होते. ज्यास कांहीं सांगावयाचें आहे त्यास शब्द सांपडतात. न सांपडले तर तो ते मागून घेतो.

न्यूझीलंडमध्यें माओरी मुलांस शिकविणाऱ्या सिल्व्हिया अॅश्टन-वॉर्नर यांनीं सन १९६३ मध्यें 'टीचर' नांवाचें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांची रीत अशी होती कीं, 'तुला आज कोणता शब्द हवा?' असें प्रत्येक मुलास विचारावयाचें, त्यानें सांगितलेला शब्द जाड कागदाच्या तुकड्यावर लिहून त्याच्याच हातीं द्यावयाचा, आणि दुसऱ्या दिवशीं सर्व तुकडे मिसळून ठेवावयाचे. मुलें त्यांतून आपापला शब्द शोधून काढीत. जो शब्द दुसऱ्या दिवशीं ओळखतां आला नाहीं तो त्या मुलाचा खरा शब्द नव्हता, असें समजून बाईसाहेब तो काढून टाकीत. आई, भूत, अशा शब्दांस मुलें कधीं विसरत नसत. मुलांच्या जिव्हाळ्याचा शब्द एका दृष्टिक्षेपांत शिकला जातो, हें त्यांनीं वर्गांत पाहिलें. आम्ही जें वाक्याच्या बाबतींत म्हणतों तें ह्याच जातीचें आहे.

आतां प्रत्यक्ष रीत सांगतों.

सोमवारीं आम्ही मुलांस कांहीं आणावयास सांगत नाहीं. प्रथम आपलीच एखादी वस्तु दाखवितों. समजा, एक जुनी शाईची दौत आहे. ती कोणीं दिली, तिच्या बुडाशीं निळा डाग अजून कां आहे, ती फुटूं नये म्हणून कोठें ठेवतों, हें थोडक्यांत सांगतों. दौत दोन रुपयांचीहि नाहीं, हें मुलांस दिसतें, आणि किंमत म्हणजे काय ह्याचा निर्णय न बोलतां होऊन जातो. मग सांगतों कीं, उद्यां तुम्हीं आपल्या एखाद्या वस्तूविषयीं सांगावयाचें. वस्तु लहान असेल तर घरच्या मोठ्या माणसांस विचारून आणावी. सोन्याचांदीची किंवा सहज मोडणारी असेल तर घरींच ठेवून तिच्याविषयीं बोलावें. दुसऱ्याची वस्तु विचारल्यावांचून कोणीं हातांत घ्यावयाची नाहीं, हा नियम त्याच दिवशीं घालून देतों.

मंगळवार बोलण्याचा. दोन-दोन मुलें समोरासमोर बसतात व एकमेकांस पांच प्रश्न विचारतात. ही काय वस्तु आहे? ती दिसते कशी? ती तुझ्याकडे कोठून आली? तूं ती कोठें ठेवतोस? आणि तूं ती कां जपतोस? ह्यांपैकीं पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें वस्तूकडे पाहून कोणीहि देईल. शेवटच्या तीन प्रश्नांचीं उत्तरें एकट्या त्या मुलाजवळच असतात. म्हणून घाई असेल तर पहिले दोन प्रश्न गाळावे, शेवटचे तीन कधींहि गाळूं नयेत.

बुधवारीं फळ्यावर लिहितों. पण आमचीं वाक्यें नव्हे, मुलांनीं उच्चारलेलीं. एकानें गोटी आणली होती. असल्या गोट्या दुकानांत पुष्कळ मिळतात.

"मग हीच कां जपून ठेवलीस?" आम्हीं विचारलें.

"गुरुजी, ही फुटली नाहीं. दादाच्या सगळ्या फुटल्या."

आम्हीं फळ्यावर लिहिलें: 'दादाच्या सगळ्या गोट्या फुटल्या, पण माझी फुटली नाहीं.' मुलानें तें वाचलें आणि आपण एवढें मोठें वाक्य बोललों ह्याचें त्यास नवल वाटलें. 'पण' ह्या शब्दाचा उपयोग काय, हें त्यास व्याख्या करून सांगावें लागलें नाहीं. दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध होत्या आणि त्यांस जोडणारा शब्द हवा होता, तो मिळाला. 'म्हणून' आणि 'कारण' हे शब्दहि असेच, 'कां जपतोस?' ह्या प्रश्नाच्या पाठोपाठ चालत येतात.

गुरुवारीं प्रत्येक मूल आपापलीं चार वाक्यें लिहितें. फळा पुसलेला असतो. न येणारा शब्द विचारावयास सर्वांस मोकळीक असते. शुक्रवारीं मुलें तीं वाक्यें मोठ्यानें वाचतात, आणि ऐकणाऱ्यांनीं प्रत्येकास एक प्रश्न विचारावयाचा असतो. त्या प्रश्नाचें उत्तर हें पुष्कळदां पांचवें वाक्य होतें. आणि न मागतां लिहिलेलें हें पांचवें वाक्य बहुधा सर्वांत चांगलें असतें.

मराठी भाषेच्या दृष्टीनें ह्या कामांत एक मोठा लाभ आहे, तिकडे पालकांचें लक्ष वेधावेंसें वाटतें. आपल्या भाषेंत तीन लिंगें आहेत, आणि वस्तूच्या लिंगाप्रमाणें वाक्यांतील कितीएक शब्द आपलें रूप बदलतात. 'माझा भोवरा, माझी गोटी, माझें मोरपीस' येथें ही गोष्ट दिसतेच. पण पुढें पाहा. 'आईनें भोवरा दिला. आईनें गोटी दिली. आईनें मोरपीस दिलें.' देणारी आई एकच. परंतु क्रियापद आईकडे पाहत नाहीं, वस्तूकडे पाहतें. आणि वस्तु अनेक असल्या तर 'सागरगोटे दिले, शिंपल्या दिल्या, पिसें दिलीं'. व्याकरणांत ह्यास कर्मणि प्रयोग म्हणतात, आणि तो नियम म्हणून पाठ करावयास मुलें पुढच्या इयत्तांतून किती कंटाळतात, हें सर्वांस ठाऊक आहे. वर्गांत चाळीस मुलांच्या चाळीस वस्तु असल्या, कीं हींच रूपें मुलें तासाभरांत किती तरी वेळां ऐकतात, बोलतात व लिहितात. 'गाय' ह्या एकाच विषयावर सर्वांनीं लिहिलें तर एकच लिंग, एकच रूप. त्यांतून तुलना करावयास कांहीं मिळत नाहीं.

लेखन तपासण्याची रीतहि सांगितली पाहिजे, कारण लाल शाईनें जितकें लेखन सुधारतें तितकेंच तें मरतेंहि. लहान मुलाच्या चार वाक्यांत पंधरा चुका असूं शकतात. त्या सर्वांस एकदम खूण केली तर मूल एवढेंच शिकतें कीं, कमी लिहिलें म्हणजे कमी चुका होतात. आम्ही क्रम लावून घेतों. प्रथम अर्थ कळतो कीं नाहीं तें पाहतों. मग वाक्य पुरें झालें आहे कां, क्रियापद आलें आहे कां, शेवटीं पूर्णविराम आहे कां, हें पाहतों. त्यानंतर लिंग-वचन, आणि सर्वांच्या शेवटीं ऱ्हस्व-दीर्घ. एका वेळीं एकाच जातीची चूक दाखवितों.

कांहीं मुलें सर्व शब्द एकास एक चिकटवून लिहितात. त्यांस पाहून रागावण्यापूर्वीं आपल्याच पूर्वजांची आठवण करावी. जुन्या मोडी कागदांत प्रथम एक लांब रेघ ओढून तिच्याखालीं शब्द न तोडतां लिहीत, आणि विरामचिन्हें नसत. हल्लींचीं विरामचिन्हें मराठींत रूढ झालीं तीं एकोणिसाव्या शतकांत, आणि त्या कामीं मेजर टॉमस कँडी (१८०४–१८७७) यांचे परिश्रम मुख्य होते. जी गोष्ट साऱ्या महाराष्ट्रानें इतक्या उशिरां शिकली ती सहा-सात वर्षांच्या मुलास शिकावयास चार महिने लागले तर त्यांत कांहीं बिघडलें नाहीं. वाक्य मोठ्यानें वाचून पाहावें. जेथें श्वास थांबतो तेथें पूर्णविराम, हें मूल लौकरच ओळखतें.

घरच्या बोलीचा प्रश्न याहून नाजूक आहे. एका मुलानें सांगितलें, "माह्या आज्यानं दिलं व्हतं." हें वाक्य चुकलें आहे काय? अर्थ पुरा आहे, क्रियापद जागच्या जागीं आहे, लिंगहि बरोबर आहे. पुस्तकी भाषेंत आपण तें 'माझ्या आजोबांनीं दिलें होतें' असें लिहितों, एवढेंच. आम्ही पहिलें वाक्य जसेंच्या तसें फळ्यावर लिहितों, आणि त्याच्या शेजारीं दुसरें. एक घरीं बोलण्याचें, दुसरें पुस्तकांत लिहिण्याचें. दोन्ही तुझींच, असें मुलास सांगतों. आजोबांची वस्तु वर्गांत मानानें ठेवावयाची आणि आजोबांची भाषा मात्र हंसून बाहेर काढावयाची, हें एकत्र कसें जुळेल? अहिराणी, कोंकणी, भिल्ली अशा निरनिराळ्या बोली घरीं बोलणाऱ्या मुलांस तर ह्या वागणुकीची फारच गरज असते. ज्याची भाषा वर्गांत एकदां हंसण्यावारी गेली, तें मूल लिहावयाचें तर नाहींच, पण बोलावयाचेंहि थांबतें.

दोन प्रसंगीं शिक्षकानें व पालकानें विशेष जपून वागलें पाहिजे. पहिला, 'माझ्याकडे कांहींच नाहीं' असें म्हणणाऱ्या मुलाचा. वर्गांत कोणी चावीची मोटार आणतो, कोणी परदेशांतून आलेली पेटी आणतो. आणि ज्याच्या घरीं जेमतेम भांडींकुंडीं आहेत तो मान खालीं घालतो. अशा वेळीं वस्तु विकत आणून देणें हा उपाय नव्हे. विकत आणलेल्या वस्तूस अजून गोष्ट नसते. त्यास विचारावें कीं, शाळेंतून घरीं गेल्यावर तूं प्रथम काय पाहतोस? उत्तर बहुधा मिळतें. कोणाची शेळी असते, कोणाचें चिंचेचें झाड, कोणाचा वाटेवरचा एक गुळगुळीत दगड, ज्यावर बसून तो रोज चप्पल झटकतो. एका मुलाजवळ फक्त एक गंजलेली किल्ली होती. भीमा नदीवरील उजनी धरणाच्या जलाशयांत ज्यांचीं घरें गेलीं त्यांपैकीं त्याचें घराणें. त्यानें लिहिलें: 'ही किल्ली आजोबांच्या घराची आहे. घर पाण्याखालीं आहे. कुलूप पण पाण्याखालीं आहे. किल्ली वर आहे.' ह्या चार वाक्यांत जोडाक्षरांची चूक होती, ती नंतर सुधारली. पण चावीच्या मोटारीचा मालक त्या दिवशीं आपला निबंध वाचावयास उठला तेव्हां थोडा वेळ गप्पच उभा राहिला, हें आम्हीं पाहिलें.

दुसरा प्रसंग दुःखाचा. कांहीं वस्तु मुलें जपतात त्या, ज्या माणसाची ती वस्तु होती तें माणूस आतां नाहीं म्हणून. आईच्या लुगड्याचा तुकडा, थोरल्या भावाचें घड्याळ, आजीची चंची. अशा मुलास 'सर्वांसमोर वाच' असा आग्रह कधींहि करूं नये, आणि 'दुसरी एखादी आनंदाची वस्तु घे' असेंहि सांगूं नये. त्यास लिहूं द्यावें, लिहिलेलें त्याच्याच जवळ ठेवूं द्यावें, आणि त्यानें दाखविलें तरच पाहावें. पाहिल्यावर ऱ्हस्व-दीर्घ सुधारण्याची तो दिवस नव्हे. लिहिलेलें वाक्य हें मनांतील भार ठेवण्याची एक जागा आहे, हें मुलास लहानपणीं कळलें तर तें त्यास जन्मभर पुरेल.

आतां पालकांस दोन शब्द. आपल्या मुलाचें लेखन चांगलें दिसावें अशी इच्छा प्रत्येक आईबापास असते, आणि त्या इच्छेपोटीं वाक्यें सांगून लिहविण्याचा मोह होतो. तयार निबंधांचीं पुस्तकें बाजारांत मिळतातच. हल्लीं तर मोबाइलच्या पडद्यावर क्षणांत निबंध उभा राहतो. परंतु अशा सुंदर निबंधापेक्षां मुलाचीं स्वतःचीं वेडींवांकडीं चार वाक्यें आम्हांस अधिक मोलाचीं वाटतात, कारण पुढें काय शिकवावयाचें तें आम्हांस त्यांतूनच कळतें. वैद्यास दाखविण्यापूर्वीं नाडी दुसऱ्याची पुढें करून कसें चालेल?

ह्याचा अर्थ पालकांनीं स्वस्थ बसावें असा नव्हे. त्यांचें काम वाक्य देण्याचें नसून प्रश्न विचारण्याचें आहे. 'ती वस्तु घरीं आली तेव्हां तूं केवढा होतास?' 'ती हरवली होती तेव्हां कोणीं शोधून दिली?' असें विचारावें, उत्तर येईपर्यंत थांबावें, आणि मुलास एखादा शब्द न सुचल्यास तेवढाच सांगावा. आणखी एक गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतों. स्वतः शाळेंत न गेलेल्या आईबापांस पुष्कळदां वाटतें कीं, मुलाच्या अभ्यासांत आपला कांहीं उपयोग नाहीं. ह्या कामांत तसें मुळींच नाहीं. ज्या आजीस सही करतां येत नाहीं तिलाच, अडकित्ता कोणत्या बाजारांत घेतला, पितळेची घागर कोणाच्या लग्नांत आली आणि बैलाच्या गळ्यांतली घंटा घरांत कां टांगून ठेवली आहे, हें ठाऊक असतें. संध्याकाळीं तिच्याजवळ मुलास बसूं द्यावें. दुसऱ्या दिवशीं तो वर्गांत जें लिहितो, त्यांत अक्षर त्याचें असतें आणि ज्ञान आजीचें असतें. तें वाक्य त्यानें घरीं येऊन तिला वाचून दाखवावें, असें आम्ही मुलांस आवर्जून सांगतों.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं हा लेख आपल्यासाठीं नव्हे असें समजूं नये. धाकट्या भावंडांस पांच प्रश्न विचारण्याचें काम त्यांनीं घ्यावें. आणि स्वतःच्या वहींतील शेवटचा निबंध काढून एक परीक्षा करून पाहावी. त्यांतील कोणतें वाक्य असें आहे कीं, जें आपल्या वर्गांतील दुसऱ्या कोणासहि लिहितां आलें नसतें? असें एकहि न सांपडल्यास निबंध पुन्हां लिहावा. गुण किती मिळतील याची आम्ही हमी देत नाहीं. पण वाचणारा जागा होईल एवढें खास.

आपल्या माहितीचें वाक्य लिहिण्याचें सामर्थ्य किती असतें, ह्याचें एक उदाहरण मराठीच्याच इतिहासांत आहे. जोतीराव फुले यांच्या पुण्यांतील शाळेंत शिकणाऱ्या मुक्ता साळवे ह्या मांग समाजांतील सुमारें चौदा वर्षांच्या मुलीनें आपल्या समाजाच्या दुःखाविषयीं एक निबंध लिहिला, आणि तो सन १८५५ मध्यें 'ज्ञानोदय' पत्रांत छापून आला. तिचा विषय जपून ठेवलेल्या वस्तूचा नव्हता. पण तिनें केलें तें हेंच. वाचणाऱ्यांस जें ठाऊक नव्हतें, किंवा ठाऊक असून पाहावयाचें नव्हतें, तें तिला ठाऊक होतें, आणि तें तिनें सांगितलें. त्या काळचीं किती एक पंडितांचीं पुस्तकें आज कोणी उघडीत नाहीं. त्या मुलीचा निबंध अजून वाचला जातो.

आमच्या दुसरीच्या वर्गांतील मुलें मोठीं लेखक होतील कीं नाहीं, तें आज कोण सांगणार? तशी अपेक्षाहि नाहीं. त्यांतील बहुतेकांस पुढें पत्रें लिहावीं लागतील, अर्ज लिहावे लागतील, कधीं एखादी तक्रार मांडावी लागेल, कधीं जबाब द्यावा लागेल. त्या वेळीं आपणांस जें ठाऊक आहे तें, जसें ठाऊक आहे तसें, आपल्या शब्दांत लिहितां आलें, तर त्यांच्या वतीनें दुसऱ्यानें लिहिलेल्या कागदावर डोळे मिटून अंगठा उठविण्याची किंवा सही करण्याची वेळ त्यांच्यावर येणार नाहीं. त्याचा आरंभ एका गोटीपासून, एका पिसापासून, एका गंजलेल्या किल्लीपासून करतां येतो. तरी ह्या सुटींत, पालकहो, आपल्या मुलाच्या खिशांत काय आहे तें एकदां विचारा, आणि तो सांगूं लागला म्हणजे मध्यें बोलूं नका.